दाखल क्रमांक दोन

"आधी सीट काढ, मग तोंड उघड," निवृत्त ग्रंथपाल गरजले.

तळमजल्यावरचा रंगारी आपल्या निळ्या सायकलीपुढे पाना घेऊन उकिडवा बसला होता. रविवारची सकाळ, त्यामुळे अंगणात बघ्यांना तोटा नव्हता. सोसायटीचा सेक्रेटरी खुर्ची टाकून बसला होता आणि त्याच्या मांडीवर ग्रंथपालांचा अर्ज होता. मागणी एकच : चोर रंगाऱ्याने भाड्याची खोली आठ दिवसांत रिकामी करावी.

"साहेब, बायकापोरं घेऊन आठ दिवसांत जाऊ कुठे?"

"माझी सायकल नेताना विचारलं होतंस का, की कुठे नेऊ म्हणून?"

ग्रंथपालांचा राग वर्षभर मुरलेला होता. गेल्या वर्षी त्यांची हिरवी सायकल गेली ती जिन्याखालून नव्हे, चक्क घरातून, चपलांच्या मांडणीशेजारून. कुलूप फोडलेलं नव्हतं. साखळी नीट गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेली होती. चोरीपेक्षा चोराची ही टापटीप त्यांना जास्त झोंबली.

पोलिसांनी तक्रार लिहून घेतली आणि 'सायकल रस्त्यावर न ठेवता घरात ठेवावी' असं छापलेलं पत्रक हातात दिलं. सायकल घरातूनच गेली आहे, हे दोनदा सांगूनही दिलं.

त्या आठवड्यात घरात परका माणूस एकच, बाहेरच्या खोलीला रंग देणारा रंगारी. बाकी घरचेच. ते स्वतः, बायको आणि सुट्टीवर आलेला बायकोचा भाऊ. तो तर रंगाच्या वासाने दिवसभर गॅलरीत शिंकत बसायचा.

पुढे मदतीला धावून आला तोही हा मेहुणाच. महिन्याभरात त्याने ओळखीच्या माणसाकडून एक जुनी सायकल आणून दिली. लालभडक रंग, नवं हँडल, नवी सीट. "दाजी, तुमचं नाव सांगितलं म्हणून भाव पाडला त्याने," तो म्हणाला.

पहिल्याच दिवशी सायकल कसलेल्या घोड्यासारखी चालली. उंची बेताची, डावा ब्रेक जरासा कुरकुरणारा, सगळं कसं सवयीचं. "पारख म्हणतात ती ही!" ग्रंथपाल बायकोला म्हणाले. लग्नानंतर प्रथमच त्यांनी तिच्या माहेरचं कौतुक केलं होतं, त्यामुळे ती दिवसभर त्यांच्याकडे संशयाने बघत होती.

लाल सायकलीसाठी भिंतीत लोखंडी कडी बसली. दोन कुलपं आली, जाड साखळी आली, दाराला घंटा लागली. पाहुणे सायकल ओलांडून आत येऊ लागले.

"माझे दागिने कधी एवढे जपले नाहीत तुम्ही," बायको म्हणाली.

"दागिन्यांना चाकं नसतात."

पण खरा बंदोबस्त सायकलीच्या पोटात होता. वाचनालयात तीस वर्षं त्यांनी प्रत्येक पुस्तकाच्या एका ठरावीक, कुणालाही न सांगितलेल्या पानावर शिक्का मारला होता. कुणी मुखपृष्ठ फाडलं, पहिली पानं उडवली, तरी पुस्तक ओळखू यायचं. तीच शिस्त त्यांनी घरी आणली. हिरवी सायकल घेतली त्याच दिवशी वाचनालयाच्या कोऱ्या कार्डावर 'दाखल क्रमांक एक' लिहून, त्याची सुरळी सीटच्या नळीत सोडली होती. लाल सायकलीत दोन नंबरची. सीट उपसली, सुरळी आत ढकलली, सीट ठोकून बसवली. दोन मिनिटांचं काम. हे गुपित बायकोलाही ठाऊक नव्हतं.

आणि गेल्या आठवड्यात रंगाऱ्याकडे सायकल आली. निळी, नव्या रंगाची.

"चोरीची सायकल आधी रंगवतात," ग्रंथपालांनी गर्दीला समजावलं. "आणि रंग कोणाच्या घरी फुकट असतो, ते मी सांगायला नको. हिच्या नळीत माझं कार्ड निघेल."

"आणि नाही निघालं तर?" रंगाऱ्याने विचारलं.

"तर तू काढून टाकलंस."

"म्हणजे असलं तरी मी चोर, नसलं तरी मीच."

कुणीतरी फिसकन हसलं. ग्रंथपालांनी तिकडे डोळे वटारले.

सीट निघाली. सायकल उलटी झाली. नळीतून थोडा गंज पडला आणि एक मेलेलं झुरळ.

"टाकलं बघा काढून!" ग्रंथपाल ओरडले.

आता मात्र रंगारी उठून उभा राहिला. त्याने पाना खाली आपटला. "कार्डबिर्ड सगळी थाप आहे. तुम्ही कार्ड ठेवता हे पाहिलंय कुणी? आणा तुमची सायकल. तिच्यातून काढून दाखवा, मी आजच्या आज खोली सोडतो."

"दाजी, असल्याच्या तोंडी कशाला लागता?" साक्षीला आलेला मेहुणा घाईघाईने पुढे झाला. "सरळ हाकला त्याला. सायकल वर बांधलेलीच बरी."

पण ग्रंथपालांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. तीस वर्षांच्या शिस्तीला हा रंगारी थाप म्हणतो! ते तरातरा जिना चढले. घंटा वाजली, दोन कुलपं निघाली, साखळी खळखळली आणि लाल सायकल खाली आली. त्यांनी स्वतःच्या हाताने सीट उपसली आणि सायकल उलटी करून हिसडा दिला.

सुरळी टपकन पडली.

"वाचा!"

सेक्रेटरीने वाचलं, "दाखल क्रमांक दोन." आणि खिशातलं पेन काढून अर्जावर सहीची जागा शोधू लागला.

"याला म्हणतात पुरावा!" ग्रंथपालांनी सायकलीवर अभिमानाने थाप मारली. एक, दोन, चांगल्या सणसणीत तीन.

नळीतून आणखी काहीतरी सुटलं आणि घरंगळत रंगाऱ्याच्या पायाशी आलं. गंजाने तांबूस झालेली, जुनी सुरळी.

"साहेब, हेही तुमचंच का?"

रंगाऱ्याने हात विजारीला पुसले, सुरळी जपून उलगडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं,

"दाखल क्रमांक एक."