बुडालेलं राज्य

देवळाजवळच्या महामहम तळ्याच्या पायरीवर, पाण्यात पाय सोडून, गुरुमूर्तीनं मामानं अमेरिकेहून पाठवलेल्या खेळाच्या पुस्तकाची नवी आवृत्ती उघडली. फासे टाकून खेळायच्या त्या कल्पनेतल्या जगात त्याची धाकटी बहीण त्रिपुरसुंदरी चार वर्षं एका राज्याची राणी होती. नव्या नकाशात त्या जागी नुसता समुद्र होता.

"तुझं राज्य प्रलयात बुडालं," तो चाचरत म्हणाला. "कुणी उरलं नाही. तसंच छापलंय."

"मग कुंभ कुठे लागला?"

"कसला कुंभ?"

"असं काय करतोस, अण्णा! प्रलय आला की सृष्टीची बीजं आणि अमृत घेऊन कुंभ तरंगत निघतो आणि कुठंतरी लागतोच. छापणारे विसरले असतील. मागच्या प्रलयातल्या कुंभातलंच अमृत सांडून हे तळं झालं ना?"

गुरुमूर्तीनं पाण्यातले पाय हळूच वर घेतले.