कमरेचं माप

"आपण कोण? मी ओळखलं नाही," धाकटा म्हणाला.

थोरला दारातच थिजला. बारा वर्षांनी तो सख्ख्या भावासमोर उभा होता, आणि भाऊ त्याला दुकानातल्या चार लष्करी अधिकाऱ्यांदेखत परका ठरवत होता.

"अरे, मी..."

"पुढच्या गल्लीत दुसरा शिंपी आहे, तिकडे विचारा. जा म्हणतो ना!"

धाकट्याने कात्री पुन्हा कापडात घातली.

थोरल्याची नजर मात्र फळ्यांवर खिळली होती. लोकरीचे ताजे तागे, रेशमी दोऱ्याची रिळं, परदेशी सुयांची न फोडलेली पाकिटं. बाहेरच्या देशांनी निर्बंध घातल्याला सहा वर्षं झाली होती. थोरल्याच्या गावात मशीनची सुई दिसेनाशी झाली होती. तुटकी सुई दगडावर घासून तो पिठाच्या पोत्यांच्या विजारी शिवत होता. बायकोच्या हृदयाच्या गोळ्या संपल्याला चार महिने झाले होते. घरचा जिना चढताना तिला तीनदा बसावं लागे. निर्बंध होते हुकूमशहाला जेरीस आणायला. जेरीस आली होती ती. आणि हुकूमशहाचे कपडे शिवणाऱ्या धाकट्याला कशाची म्हणून ददात नव्हती.

रस्त्यावर येईपर्यंत थोरल्याच्या अंगाची लाही लाही झाली. या गाढवाला काज करायला शिकवलं कुणी? बोटात सुई घुसली की हा रडत यायचा कुणाकडे? आता म्हणे ओळखलं नाही! सुखात वाटेकरी नको, दुसरं काय!

तो तडक हुकूमशहाच्या महालावर गेला. परदेशी विमानांनी पंधरवड्यापूर्वीच वरचे दोन मजले जमीनदोस्त केले होते. आता हा चार दिवसांचा सोबती, असं लोक कुजबुजत होते. थोरल्याला तेवढा धीर नव्हता. त्याने पहारेकऱ्याला छाती काढून सांगितलं, "तुमच्या शिंप्याचा मी थोरला भाऊ. त्याला काम मीच शिकवलंय. माझा हात एकदा बघा तरी."

निरोप आत गेला. साहेबांना गंमत वाटली म्हणे. दोन तास झडती झाली आणि मग त्याला जमिनीखाली पाच जिने उतरवून एका लख्ख, गार खोलीत नेलं. तिथे हुकूमशहा द्राक्षं खात उभा होता. वर बॉम्ब पडत होते तेव्हा इथला पेलासुद्धा हलला नसेल.

थोरल्याने टेप लावली. "कंबर चव्वेचाळीस."

हुजऱ्याने वही चाळली. "निर्बंध लागले तेव्हा चाळीस होती, साहेब."

हुकूमशहा खदखदून हसला. सहा वर्षं आम्ही पोटाला चिमटा घेतला आणि पोट सुटलं ते याचं, हे थोरल्याच्या मनात आलं, नाही असं नाही. पण त्याच्या आधी आलं ते दुसरंच. हे माप आता आपलं. धाकट्याचं नाही.

काम त्याला मिळालं. बाहेरच्या खोलीत कारकून कागद भरू लागला. थोरल्याने उत्साहाने सगळं सांगितलं. बायको, नऊ वर्षांची मुलगी, गिरणीमागचं तिसरं दार. बायकोच्या गोळ्यांचंही विचारून घेतलं.

"मिळतील की. इथे सगळं मिळतं," कारकून म्हणाला. "मुलीला आणायला उद्या गाडी जाईल. ती इथेच राहील. साहेबांच्या अंगाला टाचण्या लावायच्या असतात ना. घरचं माणूस आमच्या ताब्यात असलं की शिंप्याचा हात चुकत नाही."

थोरला टेबलावर वाकला. "माझ्या... माझ्या भावाचं कोण आहे इथे?"

कारकुनाने कपाटातून एक पिवळा पडलेला कागद काढला.

"कोणीच नाही. त्याने लग्नच केलं नाही. एक थोरला भाऊ होता, तोही वारला, असं लिहून दिलंय बारा वर्षांपूर्वी." त्याने मान वर केली आणि तो मनापासून हसला. "बरं झालं तू आलास."