काळी की क्रीम

दुकानदाराने जुन्या धाटणीची, सेकंद मोजणाऱ्या काट्यांची दोन घड्याळं काचेवर ठेवली. एकाची तबकडी काळी, दुसऱ्याची क्रीम.

"सर, कोणतं आवडलं?" हेमांगीने विचारलं. तिला धावायला शिकवणारे शिंगटे सर महिनाअखेर निवृत्त होणार होते, म्हणून ती त्यांना घड्याळ भेट देणार होती.

सरांनी काळं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. काटा दिसेना. क्रीम तबकडीवर काटा दिसला, पण खुणा एकमेकींत मिसळल्या. परवाच्या निवड चाचणीतही असंच झालं होतं. अंदाजाने वेळ लिहून त्यांनी संयोगिता नावाच्या मुलीला धावण्याच्या संघातून वगळलं होतं.

"काळंच घ्या. तुमच्या हातावर उठून दिसेल," हेमांगी म्हणाली.

"मला दोन्हींवरची वेळ वाचता येत नाही गं," सर म्हणाले. "सहा महिने झाले. कुणाला बोललो नाही." मग अडखळत त्यांनी संयोगिताचंही सांगितलं.

हेमांगीने दोन्ही घड्याळं बाजूला सारली. "संघ स्पर्धेला कधी निघतोय?"

"उद्या सकाळी."

"मग सगळ्या मुलींना आत्ताच मैदानावर बोलवा. पुन्हा पळवू. वेळ मी मोजते."

सरांनी खिशातला फोन काढून तिच्या हातात दिला. "संयोगिताला आधी लाव," ते म्हणाले. "मी बोलतो."