जुन्या बंदुकीचा नेम

चिऱ्याच्या बंद खाणीत धुकं तरंगत होतं. समोरच्या पुठ्ठ्यावर कोळशाने रानडुक्कर काढलं होतं. बाबांच्या तिन्ही गोळ्या त्याच्या डोळ्यापासून दोन बोटं उजवीकडे लागल्या होत्या.

"नवी रायफलच वाकडी," बाबा म्हणाले. मग हळूच, "का माझाच हात गेला गो?"

रायफल सरळ होती. त्यांची जुनी बंदूक डावीकडे ओढायची, म्हणून चाळीस वर्षं ते उजवीकडेच नेम धरत आले होते. आजही हात आपसूक तिथेच गेला होता.

नळी पुसायच्या निमित्ताने मी पाठ फिरवली आणि नेमाचा स्क्रू फिरवून हिलाही डावीकडे ओढायला लावलं.

पुढच्या बाराचा आवाज धुक्यात विरला. भोक बरोब्बर डुकराच्या डोळ्यात.

"आता बसली हाताला," बाबा हसले. "घे, तू मार."

मी दोन बोटं उजवीकडे नेम धरला.