पुढचं पान

निवृत्तीनंतर मी इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात मराठीत आलेल्या एका जुन्या जर्मन कादंबरीची नोंद लिहिली. तिच्या शेवटच्या पानावर घड्याळजीचा मुलगा आईच्या घरी पोचण्याआधीच बर्फात मरतो. शिरूरची कोणी प्राची ते वाक्य रोज बदलायची : 'मुलगा घरी पोचतो.'

मी नोंदीवर वाद घालायच्या चर्चापानावर 'जुना वाचक' या नावाने पुस्तकातली ओळच उतरवून दिली. तिचं उत्तर ठरलेलं असायचं. "तुमच्या पुस्तकाचं पान फाटलं असेल, काका. आमच्या गुरुजींनी स्वतः वाचून दाखवलंय, आन् आमचे गुरुजी चुकत नाहीत."

आठवडाभर हेच चाललं होतं. मीही खुटबावच्या शाळेत छत्तीस वर्षं शिकवलं; पण 'सावळाराम गुरुजी चुकत नाहीत' असं कोणी कधी म्हटलेलं माझ्या कानावर आलं नाही.

"अवो, ज्याला बघितलं बी न्हाई त्या मास्तरावर किती जळताय!" बायको म्हणाली.

जळत होतोच. मुलांना खोटं शिकवणाऱ्या त्या मास्तराला उघडं पाडायचं ठरवून मी शेवटी विचारलं, "कोण हे तुमचे गुरुजी? नाव-गाव तरी कळू द्या."

लगेच उत्तर आलं.



"माझं माहेर खुटबाव. सावळाराम गुरुजी. गोष्टीतला मुलगा मेला म्हणून आमचा तिसरीचा सगळा वर्ग रडायला लागला, तवा त्यांनी मिटलेलं पुस्तक पुन्हा उघडून पुढचं पान वाचलं होतं."