म्हशीची झडती

"तोंड उघडा तिचं!" गुडघाभर पाण्यात उभी राहून पवित्रा ओरडली.

हंबीरराव आपल्या म्हशीपुढं आडवे झाले. "म्याडम, माझी म्हस गरीब हाय. चोर न्हाय."

पवित्रा ऐकायला तयार नव्हती. तळ्यातल्या कुमुदिनीचं एकुलतं एक फूल नाहीसं झालं होतं. पाणवनस्पतींवर तिचा प्रबंध चालला होता आणि ही एक कुमुदिनी तिला तीन वर्षं छळत होती. पानं दोन जातींशी जुळायची. नेमकी जात कुठली, ते पाकळ्यांवरच्या लवेवरून ठरणार होतं. "फुलाशिवाय नाव नाही आणि नावाशिवाय पीएच.डी. नाही," असं सरांनी बजावलं होतं. त्यात हे फूल सकाळी उमलतं आणि दिवस मावळायच्या आत संपतं. पुढचं कधी येईल, ते तळ्यालाच ठाऊक.

म्हणून तिनं काठावर राहणाऱ्या आक्काला गळ घातली होती. "आक्का, कळी जपा. फूल उमललं की कळवा. मला ते हवंच आहे." आक्कानं आठवडाभर काठी घेऊन पोरं, बदकं, धुणं घेऊन आलेल्या बायका, सगळ्यांना हाकललं. आज उजाडताच दूध संस्थेच्या फोनवरून जयसिंगपूरला निरोप गेला आणि पवित्रा मिळेल त्या एस्टीनं धावत आली. आक्कानं तिला दारातच अडवलं. "अशी पिंजारल्या डोक्यानं हिंडतीस व्हय गं?" म्हणत कुंकू लावलं, हातावर गूळ ठेवला, केस सारखे करून कानावर काहीतरी खोवलं आणि चहा टाकायला आत गेली. पवित्राचा सगळा जीव तळ्यात. ती पळत सुटली.

तळ्यात फूल नव्हतं. म्हैस होती.

शेवटी हंबीररावांनी म्हशीचा जबडा फाकवला. पवित्रानं भिंग लावून आत पाहिलं. दात होते, जीभ होती, उसाचं वाडं होतं. फूल नव्हतं.

"झालं समाधान? आता माफी मागा तिची."

पवित्रानं म्हशीची माफी मागितली. मग तिला रडूच आलं. तोंडावर पाणी मारायला ती खाली वाकली. समोर पाण्यात फूल! पांढरंशुभ्र, लवेच्या पाकळ्यांचं! फुलाला चिकटून एक ओळखीचा रडवेला चेहराही दिसत होता, पण चेहरे ओळखणं हा काही तिचा विषय नव्हता. तिनं झेप घेतली आणि ती सपशेल तोंडावर आपटली.

नाकातोंडात चिखल घेऊन ती उठली, डोळे चोळले. पाणी गढूळलं होतं. फूल पुन्हा गायब.

तेवढ्यात आक्का चहाची कपबशी घेऊन काठावर आली आणि थबकली.

"आगं पोरी, इतकं आठ दिस राखून मगाशी तुझ्या कानावर खोवल्यालं फूल कुठं पाडलंस?"

पवित्राचा हात कानाकडे गेला. कान होता.

तिघांच्याही माना हळूहळू म्हशीकडे वळल्या. ती डोळे मिटून सावकाश काहीतरी चघळत होती.

हंबीरराव खाली बघत म्हणाले, "म्याडम, आता मातुर तिचं त्वांड उघडाय सांगू नगासा."