कळल्याचा दिवा

वनमालाने तिसऱ्यांदा "कळलं" म्हटलं, तरी तिच्या मनगटावरच्या पट्टीचा दिवा तांबडाच राहिला. तो हिरवा झाल्याशिवाय ऑपरेशनची तारीख मिळत नव्हती.

"अगदी आमच्या आईसारखा आहे मेला," नणंद करवादली. "कितीही हो म्हणा, समाधान नाही!"

"होकार नव्हे, समज ओळखतो तो," डॉ. तांबोळी हसून म्हणाल्या. "खरंच उमगलं तरच हिरवा होतो."

घरी दीड वर्षाची पोर, छातीत गाठ, आणि आता नुसती मान डोलावून सुटायचीही सोय नाही. वनमालाने टेबलावरचा कागद पुढे ओढला आणि रोज गिऱ्हाइकांचे ब्लाउज बेतते, तशी पेनाने छाती आखली.

"म्हणजे गाठीपुरता तुकडा काढायचा, कडेचं थोडं चांगलं कापडही घ्यायचं. उरलेल्या भागाला मग किरणांचा शेक. नाहीतर अख्खा भागच उतरवायचा, मग शेक बहुतेक लागणार नाही. आणि जगण्याचं काय, मॅडम?"

"तुमची गाठ लहान आहे. दोन्हींत आशा सारखीच."

"मग माझा तुकडाच काढा."

दिवा हिरवा झाला.

"खुळी का काय तू, वहिनी? पोरीला आई हवीय! डॉक्टर, अख्खंच काढून टाका, भीतीच नको!"

वनमालाने पट्टी सोडली आणि नणंदेच्या मनगटावर बांधली. दिवा पुन्हा तांबडा झाला.

"बसा, वन्सं," कोरा कागद ओढत ती म्हणाली. "पहिल्यापासून सांगते."